हवेत हात हलवून कुंग फू येतं का? ‘फॉर्म’ नावाच्या कोड्याविषयी

परवा मामेबहिणीचा फोन आला. तिचा मुलगा अकरा वर्षांचा, चार महिने झाले कुंग फूच्या क्लासला जातोय. "फी भरली, ड्रेस घेतला, जायला-यायला रिक्षा लावली. आणि हा घरी येऊन करतो काय? गुडघे वाकवून उभा राहतो आणि हवेत हात हलवतो. रोज तेच! शेजारचा तायक्वांदोवाला पोरगा निदान लाथा तरी मारतो. तूसुद्धा शिकतोस ना? मग सांग, हे असतं तरी काय?"

मी शिकतो, हे खरं. पण फोनवर मला धड काही सांगता आलं नाही. प्रश्न तिचा एकटीचा नाही, हेही खरं. २०१७ साली चीनमधल्या चेंगडू शहरात शू शियाओदोंग या एमएमए लढवय्याने (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं त्या खेळातला) वेई लेई नावाच्या ताई ची (संथ हालचालींची चिनी कला) गुरूला काही सेकंदांत खाली लोळवलं. ती क्लिप अजून फिरते आणि दर वेळी खाली तोच वाद पेटतो: शेकडो वर्षांची कला म्हणता, मग हे काय? दुसरीकडे २०२६ च्या डाकार युवा ऑलिंपिकच्या खेळांत वुशू, म्हणजे चिनी युद्धकला, आलंय; म्हणजे तेच हवेतले हात आता पदकासाठी. गोंधळ होणारच.

तर बहिणीला जे सांगायचं राहिलं ते इथे.

आधी दोन शब्दांचा निकाल लावू

‘कुंग फू’चा अर्थ मारामारी नाही. वेळ आणि कष्ट घालून कमावलेलं कसब, एवढाच त्याचा मूळ अर्थ. चांगल्या आचाऱ्याच्या हातात असतं तेही कुंग फूच. लढण्याच्या कलेला चिनीत खरा शब्द आहे वुशू. आता हे दोन्ही शब्द आपण सरमिसळ वापरतो, त्याने काही बिघडत नाही.

दुसरा शब्द ताओलू. ठरलेल्या क्रमाने, एकट्याने, समोर कोणी नसताना करायच्या हालचालींची साखळी. कराटेत याला काता म्हणतात. आपल्याकडच्या क्लासमध्ये सरसकट ‘फॉर्म’ म्हणतात, म्हणून मीही यापुढे फॉर्मच म्हणेन. कोल्हापूरकडे मर्दानी खेळ पाहिलेल्यांना हे फार परकं वाटणार नाही. लाठीचे हात तिथेही आधी एकट्यानेच घोटायचे असतात.

एक फॉर्म जवळून बघू

विंग चुन ही दक्षिण चीनमधली शैली. फोशानच्या इप मान यांनी ती १९५० च्या सुमारास हाँगकाँगमध्ये उघडपणे शिकवायला घेतली आणि तिथून ती जगभर गेली. ब्रूस ली पोरवयात शिकला ती हीच. हिचा पहिला फॉर्म सिउ निम ताउ, म्हणजे साधारण ‘छोटासा विचार’.

सुरुवात पायांपासून. पाय जुळवून उभं राहायचं, गुडघे किंचित वाकवायचे. आधी चवडे बाहेर फिरवायचे, मग टाचा. आता अंगठे जरा आत वळलेले असतात आणि गुडघे एकमेकांकडे ओढलेले. या बैठकीचं चिनी नाव मजेशीर आहे: शेळी मांड्यांत धरून ठेवायची बैठक. शेळी डोळ्यांसमोर आणली की कुठे जोर लावायचा ते शरीराला आपोआप कळतं. आणि आता फॉर्म संपेपर्यंत पाय हलवायचे नाहीत. संपूर्ण फॉर्ममध्ये एकही पाऊल नाही, एकही लाथ नाही. भाच्याची आई वैतागते ती इथेच.

मग हात. दोन्ही मनगटांची फुली करून ती आधी खाली, मग छातीसमोर आणायची. ही फुली कोणाला अडवायला नाही. आपल्या शरीराची मधली रेघ, नाकापासून बेंबीपर्यंतची, नेमकी कुठे आहे हे स्वतःलाच दाखवायला. विंग चुनचं सगळं गणित त्या रेघेभोवती फिरतं: आपली राखायची, समोरच्याची गाठायची.

त्यानंतर जे येतं ते बघणाऱ्याला झोप आणणारं आहे. डावा तळहात आभाळाकडे उघडा करून हात पुढे न्यायचा. हात म्हणजे पंजा नव्हे. निघायचं कोपराने, पंजाने नुसतं सोबत जायचं. कोपर छातीपुढे साधारण मूठभर अंतरावर आलं की थांबायचं. मनगटाचा एक फेरा. मग पंजा उभा करून हात त्याच रेघेवरून मागे. मग मनगट मोडून, बोटं सैल सोडून पुन्हा पुढे. याला फुक साउ म्हणतात. पुन्हा मागे. असं तीनदा. या आवर्तनांना ‘बुद्धाला तीन नमस्कार’ असं टोपणनाव आहे. हे सगळं इतक्या सावकाश करायचं की खिडकीतून बघणाऱ्या शेजाऱ्याला वाटावं, हा माणूस उभ्याउभ्या झोपलाय. मला एका हाताला चार-पाच मिनिटं लागतात. ऑफिसला उशीर होत असेल तर दोन.

इतकं सावकाश कशासाठी? शाळेच्या स्नेहसंमेलनात हळू सायकलची शर्यत असायची, ती आठवा. जोरात सायकल कोणीही मारतो. कासवाच्या चालीने, पाय न टेकता मारायला तोल लागतो. वेगात चूक झाकली जाते, कारण झोक्याने हात पुढे जातोच. झोका काढून टाकला की खांदा उचलला गेला, कोपर बाहेर पळालं, सगळं उघडं पडतं. माझं कोपर पहिलं वर्षभर बाहेर पळत होतं.

पुढच्या दोन भागांत वेग येतो, झटका येतो, चहूबाजूंना तळहाताचे मार येतात, शेवटी सलग ठोसे. पाऊल मात्र नाहीच. वळणं, चालणं आणि लाथ मिळते ती दुसऱ्या फॉर्ममध्ये, चम कियूमध्ये. तिसरा, बिउ जी, हा डाव बिघडल्यावर सावरायचे उपाय शिकवतो. मुळाक्षरं, बाराखडी, मग जोडाक्षरं, असा हा क्रम. भाचा सध्या ‘अ’ गिरवतोय.

पण एकेक हालचाल सुटी का नाही शिकवत?

रास्त प्रश्न. काही शैली शिकवतातही. उत्तरेकडच्या शिंगयी शैलीत पाच मूळ ठोसे आहेत. एकच ठोसा सरळ रेषेत, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा पुन्हा मारत जायचं.

साखळी करण्याचं मोठं कारण म्हणजे आठवण. जुन्या काळी शिकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना लिहिता-वाचता येत नसे, आणि लिहिता येणारेही डाव कागदावर मांडायला नाखूश असत. मग ज्ञान ठेवायचं कुठे? शरीरात. आपल्याकडे वेद असेच टिकले. घनपाठी शब्द पुढे-मागे करून म्हणतात तेव्हा एखादं अक्षर गळलं तर लगेच खटकतं. फॉर्मचंही तसंच. सत्तावन्नावी हालचाल विसरलो तर अठ्ठावन्नावीसाठी वजन चुकीच्या पायावर असतं आणि गाडी अडते.

नावंसुद्धा आठवणीच्या खुंट्याच आहेत. ताई चीमध्ये ‘पांढरा करकोचा पंख पसरतो’, ‘जंगली घोड्याची आयाळ विंचरणे’, ‘माकडाला मागे सारणे’, ‘ढगांसारखे हात’. ऐकायला कविता, पण ‘उजवा हात कपाळापाशी, डावा कमरेपाशी, वजन मागच्या पायावर’ यापेक्षा करकोचा लवकर लक्षात राहतो.

हुंग गार शैलीत तर जमिनीवरच्या पावलांनाही खुंटी केलंय. तिच्या पायाभूत फॉर्मचं नाव ‘गुंग जी फुक फू’. ‘गुंग’ हे एक चिनी अक्षर: वर एक आडवी रेघ, खाली एक आडवी रेघ, मधे उभा दांडा. ‘फुक फू’ म्हणजे वाघाला वश करणे. करणाऱ्याची पावलं पडत जातात ती त्याच अक्षराच्या आकारात. वरून बघितलं तर तो माणूस अंगणभर अक्षर लिहीत असतो.

तर माझ्या मते फॉर्म म्हणजे सूत्र. आपल्याकडे सूत्राची व्याख्याच आहे की ते अल्पाक्षर हवं, थोडक्यात खूप साठवणारं. सिउ निम ताउमधला तो मनगटाचा फेरा घ्या. बघायला नुसता फेरा. पण कोणी आपलं मनगट धरलं असेल तर त्याच फेऱ्याने मनगट त्याच्या अंगठ्याच्या फटीतून निसटतं, कारण पकडीतली सगळ्यात कच्ची जागा तीच. कोणी आपला हात बाहेर ढकलत असेल तर त्याच फेऱ्याने आपला हात वळसा घालून आतल्या बाजूला येतो. एक हालचाल, दोन अर्थ. अनुभवी माणूस आणखी दोन दाखवेल. सूत्र असंदिग्धही असावं अशी दुसरी अट आहे. फॉर्म त्या अटीत साफ नापास.

म्हणूनच सूत्राला भाष्य लागतं.

भाष्य जोडीदाराच्या हातात असतं

फॉर्म सोडवण्याला, म्हणजे त्यातली एकेक हालचाल बाहेर काढून समोरच्या माणसावर वापरून बघण्याला, चिनी शाळांत वेगळा शब्द आहे. मराठीत ‘फोड करणं’ म्हणू. आधी ठरलेला ठोसा, ठरलेलं उत्तर. मग ठोसा कुठून येणार ते न सांगता. मग समोरचा अडवायला लागतो. मग संरक्षक घालून मोकळी लढत.

क्रिकेटमध्ये बोलायचं तर फॉर्म ही आरशासमोरची शॅडो बॅटिंग. जोडीचा सराव म्हणजे थ्रोडाउन. मोकळी लढत म्हणजे नेट. शॅडो बॅटिंग कुठलाही फलंदाज करतो, पण तेवढीच करून मैदानात उतरणाऱ्याची काय गत होईल ते सांगायला नको. आणि थ्रोडाउनमध्ये बॅट आडवी जाते म्हणून आरशासमोर परतणाऱ्याला कोणी हसत नाही.

विंग चुनमध्ये थ्रोडाउनचा एक खास प्रकार आहे, ची साउ, ‘चिकटते हात’. दोघं समोरासमोर, मनगटांजवळ हात एकमेकांना टेकवलेले, गोल फिरत राहतात. कोणाचा दाब वाढला, कोणाची जागा मोकळी पडली, हे डोळ्यांनी बघायचं नाही, कातडीने ओळखायचं.

आमच्याकडे माझी जोडीदार बहुतेकदा एक कॉलेजातली मुलगी असते. वजन माझ्या निम्म्याहून थोडं जास्त. एका संध्याकाळी मी ‘बोंग साउ’ करत होतो. बोंग म्हणजे पंख: कोपर वर, मनगट खाली, समोरचा सरळ ठोसा उताराच्या छपरावरून पाण्यासारखा ओघळून जावा असा हात. माझा पंख दर वेळी मोडत होता. ती नुसता तळहात पुढे रेटायची आणि माझा हात माझ्याच छातीवर येऊन बसायचा. तिसऱ्या वेळी म्हणाली, "काका, कोपर."

"कोपर वरच आहे की."

"वर आहे, पण मागे आहे. फुक साउत पुढे ठेवता ना? तिथंच ठेवा."

तिने परत रेटलं. कोपर बोटभर पुढे होतं, बस. हात टिकला आणि ती स्वतःच्याच रेट्याने अर्धं पाऊल बाजूला सरकली. यात ताकदीचा प्रश्न नव्हता. कोपर मागे असलं की सगळा भार एकट्या खांद्यावर येतो, पुढे असलं की तो पाठीतून पायांत उतरतो. त्या रात्री घरी ते बुद्धाला तीन नमस्कार केले तेव्हा पहिल्यांदा कळलं की ती मूठभर जागा मोजायला का लावतात. दोन वर्षं मी ती नियम म्हणून पाळत होतो.

मग तो ताई ची गुरू मार का खातो?

कारण भाष्य हरवलं आणि सूत्रं तेवढी उरली. हे कसं झालं त्याला इतिहास आहे आणि तो त्या क्लिपपेक्षा जास्त रंजक आहे.

सोळाव्या शतकात मिंग सेनापती छी जिग्वांग किनाऱ्यावरच्या चाच्यांशी लढत होता. त्याने सैन्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात निःशस्त्र लढतीच्या ३२ पवित्र्यांची चित्रं आहेत. सोबत त्याने स्वच्छ सांगून ठेवलंय की मोठ्या लढाईत मुठींचा फारसा उपयोग नाही; हातपाय चपळ व्हावेत, नवशिक्याला शस्त्रांकडे जाण्याचा रस्ता मिळावा म्हणून हे शिकायचं. म्हणजे फॉर्म केला की अजिंक्य झालो, हा दावा करायला तो लढवय्या तेव्हाही तयार नव्हता.

मग बंदुका आल्या आणि मुठींचं उरलंसुरलं रणांगणही गेलं. १९१० साली शांघायमध्ये हुओ युआनजिया या नामवंत लढवय्याच्या नावाभोवती जिंगवू संस्था उभी राहिली. घराण्यांची गुप्तता बाजूला सारून कोणालाही, बायकांनाही, शिकवायचं हे तिचं मोठं काम. सगळ्या शाखांत तेच दहा मूलभूत फॉर्म शिकवले जात. १९२८ मध्ये नानजिंगला सरकारी गुओशू (म्हणजे ‘राष्ट्रीय कला’) संस्था निघाली. तिच्या परीक्षांत प्रत्यक्ष लढतीही होत. १९४९ नंतरच्या सरकारने वुशूला मुख्यतः व्यायाम आणि प्रात्यक्षिकाचा खेळ बनवलं. १९५६ मध्ये यांग शैलीच्या ताई चीतून २४ हालचालींचा सुटसुटीत फॉर्म तयार झाला, पाच-सहा मिनिटांत होणारा. आज बागेत आजीआजोबा करताना दिसतात तो बहुतेकदा हाच. ठोसे-लाथांच्या खेळाला, सांडाला, अधिकृत प्रयोग म्हणून परवानगी मिळाली ती १९७९ मध्ये.

या सगळ्यात सूत्र का वाचलं आणि भाष्य का गळलं? माझं उत्तर फार साधं आहे. फॉर्म घोळक्याला शिकवता येतो. एक जण पुढे, पन्नास मागे, शाळेच्या मैदानावर लेझीम घेतात तसं. भाष्य एका वेळी एकालाच शिकवावं लागतं, वेळ खातं, अंगावर वळ उठतात, आणि कधी कधी शिष्य गुरूला हरवतो. पिढ्यांमागून पिढ्या सोपं ते पुढे गेलं. ज्यांना नुसतं सूत्र मिळालं त्यांनी प्रामाणिकपणे तेच पुढे दिलं, आणि त्यातल्या काहींना वाटू लागलं की आपल्याला लढता येतं. चेंगडूमध्ये हरला तो हा समज.

बॉक्सर फॉर्म करत नाहीत, तरी मारतात की!

मारतात. आणि फॉर्मवाल्यांनी हे कबूल करायला लाजू नये. सहा महिन्यांत रिंगमध्ये उतरायचं असेल तर बॉक्सिंग किंवा सांडाच शिका, हा सरळ सल्ला आहे. समोरच्याच्या हालचालीवर अवलंबून असलेलं कौशल्य एकट्याने पुरतं येत नाही. कबड्डीतली चढाई आरशासमोर कोण शिकलंय?

पण बॉक्सरही एकटा हवेत ठोसे मारतोच, शॅडो बॉक्सिंग. फरक इतकाच की तो क्रम स्वतः जुळवतो, कारण त्याच्या हातात मोजके ठोसे असतात आणि चुका दाखवायला रोज समोर माणूस असतो. कुंग फूच्या शैलींत मुठी, तळहात, कोपर, पकड, लाथ, वर लाठी-तलवार. एवढा पसारा सांभाळायला वही लागते.

इथे कोणीतरी ब्रूस लीचं नाव काढतंच. त्याने ठरीव फॉर्मवर कडक टीका केली, हे खरं. मात्र आधी त्याने सिउ निम ताउ इप मान यांच्याकडे गिरवला होता. १९५९ मध्ये अठराव्या वर्षी हाँगकाँग सोडलं तेव्हा त्याचं विंग चुनचं शिक्षण अर्धवट होतं. पुढे अनेक ठिकाणांहून घेऊन १९६७ च्या सुमारास त्याने आपल्या पद्धतीला जीत कुन दो हे नाव दिलं. पाढे पाठ असलेल्याने ‘पाढे फेकून द्या’ म्हणणं वेगळं. ते ऐकून पाढे न शिकणाऱ्याने तेच म्हणणं वेगळं.

किती फॉर्म यायला हवेत?

विंग चुनमध्ये हातांचे तीन, लाकडी डमीवरचा एक, लांब काठीचा एक, जोडसुऱ्यांचा एक. संपलं. (डमी म्हणजे तीन हात आणि एक पाय असलेला खांब. मल्लखांबाचा भाऊ म्हणा, फक्त याच्यावर चढायचं नाही.) उलट १८३६ मध्ये चान हेउंग यांनी तीन गुरूंकडचं एकत्र करून उभी केलेली चॉय ली फुट शैली घ्या, तिच्यात शंभरावर फॉर्म आहेत. दोन्ही शैली दक्षिणेतल्या, दोन्ही चांगल्या. संख्येवरून काही ठरत नाही.

मी आधी ज्या क्लासला जात होतो तिथे दर दोन महिन्यांनी नवा फॉर्म, नवा पट्टा, नवी परीक्षा फी असा कारखाना होता. दीड वर्षात नऊ फॉर्म ‘झाले’. एकाही हालचालीची फोड कधी केली नाही. आज त्यांतला एक अर्धा आठवतो, तोही त्यातली उडी छान दिसायची म्हणून. चिनीत म्हण आहे: ठोसेच घोटले आणि पाया घोटला नाही, तर म्हातारपणी हात रिकामे. पाया म्हणजे बैठका, ताण, श्वास, कमरेचं वळण. यांत दाखवण्यासारखं काही नसतं, म्हणून तो पहिल्यांदा वगळला जातो.

तेव्हा भाच्याच्या सरांना विचारायचा प्रश्न ‘पुढचा फॉर्म कधी?’ हा नको. ‘ही हालचाल माझ्यावर करून दाखवता का?’ हा हवा. चांगला शिक्षक आनंदाने दाखवतो, आणि कुठे चालत नाही तेही सांगतो. ‘ते फार घातक आहे, दाखवता येणार नाही’ असं वारंवार उत्तर आलं तर चप्पल कुठे काढलीय ते आठवायला लागा.

पदकवाला फॉर्म वेगळा

टीव्हीवर रेशमी कपड्यांत हवेत दोन गिरक्या घेऊन उतरणारे खेळाडू दिसतात, तेही ताओलूच करतात, पण तो जिम्नॅस्टिक्सच्या अंगाने गेलेला आधुनिक खेळ आहे. गुण दहापैकी: हालचालींच्या अचूकतेला पाच, एकूण सादरीकरणाला तीन, अवघड उड्यांना दोन. समोर शत्रू आहे का, हे परीक्षक विचारत नाहीत. विचारायचं कारणही नाही. वुशूचा लढतीचा प्रकार सांडा. मणिपूरच्या रोशिबिना देवीने २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ६० किलो गटात रौप्यपदक जिंकलं ते त्यात. घरात ‘मुलगा वुशू करतो’ असं कोणी सांगितलं तर कुठलं वुशू ते विचारावं.

आणि हे सगळं आपणच त्यांना शिकवलं ना?

व्हॉट्सअ‍ॅपवरचा लाडका मजकूर. दक्षिण भारतातून बोधिधर्म चीनमधल्या शाओलिन मठात गेला आणि त्याने भिक्षूंना कुंग फू शिकवलं. बोधिधर्म ध्यानपंथाचा आद्य गुरू मानला जातो, ती परंपरा जुनी आहे. पण त्याने लढाई शिकवली ही गोष्ट बरीच नंतरची. तिचं मूळ ज्या व्यायामग्रंथात सापडतं तो त्याच्या नावावर सतराव्या शतकात खपवलेला आहे, आणि हे चिनी अभ्यासकांनीच विसाव्या शतकात दाखवून दिलं. छाती फुगवायला आपल्याकडे कळरिपयट्टू आहे, मल्लखांब आहे. उसनवारीची गरज नाही.

गुडघे आणि वय

घोड्यावर बसल्यासारखी रुंद, खोल बैठक, जिला मा बू म्हणतात, ती जवळजवळ सगळ्या शैलींत पहिल्या दिवशी करायला लावतात. मांड्या पेटल्या तर पेटू द्या. गुडघ्याच्या आत कळ आली तर तिथेच थांबायचं आणि वर उठायचं. सर ‘अजून एक मिनिट’ म्हणाले तरी. खोली महिन्यांनी मोजायची असते. ज्येष्ठांसाठी ताई चीचा फॉर्म उत्तम, नियमित करणाऱ्यांचं तोल जाऊन पडणं कमी होतं याला चांगला वैद्यकीय पुरावा आहे. तिथे भाष्य नसलं तरी माझी काही तक्रार नाही. आजोबांना कुठे रिंगमध्ये उतरायचंय?

यूट्यूबवर बघून शिकलं तर?

क्रम येईल. १९७२ साली इप मान ७९ वर्षांचे होते, घशाच्या कर्करोगाने खंगलेले. त्यांनी घरच्या घरी छोट्या कॅमेऱ्यासमोर फॉर्म करून दाखवले, मागे नोंद राहावी म्हणून. थोड्याच दिवसांत, डिसेंबरात, ते गेले. ती आवाज नसलेली फिल्म आज कोणालाही फुकट बघता येते: बारीक चणीचा म्हातारा, शेळी मांड्यांत धरल्यासारखा उभा, पहिल्या दिवशी पोरांना शिकवतात तोच फॉर्म करतोय. ज्याने हे जगभर नेलं त्याचा, त्याच्याच अंगातला, अस्सल पाठ.

आणि पन्नास वर्षं त्यांचेच शिष्य आणि शिष्यांचे शिष्य त्या फिल्मवरून भांडतायत. इथे कोपर मुद्दाम आत आहे की आजारपणाने? हा थांबा फॉर्ममधला की दम लागला म्हणून? मी ती पंचवीस-तीस वेळा तरी बघितली असेल. फुक साउ पुढे येतो तिथे थांबवून, मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन, ते मूठभर अंतर मोजायचा प्रयत्न केला. मोजता येत नाही, कॅमेरा समोरून आहे.

बहिणीला मी शेवटी एवढंच कळवलंय की शनिवारी भाच्याला घेऊन ये. त्याने फुक साउ करायचा, मी हलकेच रेटून बघणार.